निवारा मागणाऱ्यास विचारलेले प्रश्न: विनयपिटक आणि आजचे शहर

पालि साहित्यात निवाऱ्यासाठी ‘सेनासन’ असा एक जोडशब्द येतो. ‘सयन’ म्हणजे निजण्याची जागा आणि ‘आसन’ म्हणजे बसण्याची जागा, असे त्याचे दोन घटक आहेत. चीवर, पिंडपात, सेनासन आणि रुग्णावस्थेतील औषध हे भिक्षूचे चार प्रत्यय मानले गेले. संसारी माणसाच्याही गरजा याहून फारशा निराळ्या नाहीत. यांपैकी अन्न आणि वस्त्र बाजारात पैसे टाकून घेता येते; दुकानदार गिऱ्हाइकाचे गाव विचारत बसत नाही. निवाऱ्याचे तसे नाही. ज्याला स्वतःचे घर नाही त्याला ते दुसऱ्याकडून मागून घ्यावे लागते, आणि भाडे देण्याची पूर्ण तयारी असली तरी देणारा आधी प्रश्न विचारतो. हे प्रश्न कोणते असतात, ते कोणी कोणास विचारावयाचे असतात, आणि आपल्या धम्मग्रंथांत या बाबतीत कोणती वहिवाट दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

आरंभ बडोद्यापासून केला पाहिजे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण अर्धवट थांबवून, करारानुसार नोकरी करण्यासाठी बडोदा संस्थानात गेले. पुढे काय घडले ते त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात स्वतः लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात (१९९३) ते समाविष्ट आहे. आमच्या वाचकांना हा प्रसंग तोंडपाठ आहे. तरीही येथे तो एका विशिष्ट दृष्टीने पुन्हा पाहावयाचा आहे: कोणी काय विचारले, आणि नकार देणाऱ्याने कोणते कारण सांगितले.

हिंदूंच्या खानावळींत, ज्यांना तेथे विशी म्हणत, आपणास जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते पारशी पथिकाश्रमात गेले. रखवालदार वर आला तेव्हा बाबासाहेब कपडे बदलत होते. अंगावर सदरा आणि कस्ती नाही हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने तुम्ही कोण असे दरडावून विचारले. म्हणजे पहिली परीक्षा शरीराची झाली, तोंडी प्रश्न नंतर आला. हा आश्रम केवळ पारशांसाठी आहे असे कळल्यावर बाबासाहेबांनी नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याची तयारी दाखविली आणि रखवालदार कबूल झाला. बरेच दिवस एकही प्रवासी न आल्याने त्याची मिळकत बुडाली होती. राहण्याजेवण्याचे रोजचे दीड रुपया त्याला हवेच होते. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी गृहस्थ जिन्यावरून वर आले, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला.

त्यानंतर ते दोन स्नेह्यांकडे गेले. हिंदू स्नेही म्हणाला की, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. पत्नीला विचारून सांगतो, असे त्याचे उत्तर आले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण होते, हे बाबासाहेबांनी नमूद केले आहे. कामाठी बागेत वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

या दोन उत्तरांकडे वाचकांनी बारकाईने पाहावे, अशी आमची विनंती आहे. दोघांपैकी एकानेही ‘मला तुमचा विटाळ होतो’ असे म्हटलेले नाही. एकाने नोकरांचे नाव घेतले, दुसऱ्याने पत्नीचे. आज पुण्या-मुंबईत, नागपूर-औरंगाबादेत घर शोधणाऱ्या आमच्या तरुणांना जे उत्तर मिळते, त्याची घडण हीच आहे. ‘आमचे काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.’ ‘आई सोवळ्यातली आहे.’ ‘कालच एकाला शब्द दिला.’ नकाराचा कर्ता नेहमी दुसराच कोणीतरी असतो.

आता विनयपिटकाकडे वळू. आरंभी भिक्षूंना ठरलेला निवारा नव्हता. ते झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात, उघड्यावर राहत. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा आहे. त्याने तथागतांची अनुमती मिळवून एका दिवसात ६० विहार उभारले आणि विचारले की, यांचे आता काय करू? ते आलेल्या आणि पुढे येणाऱ्या चारी दिशांच्या संघाला अर्पण कर, असे त्यास सांगण्यात आले. ‘आगत-अनागत चातुद्दिस संघ’ ही ती संज्ञा. दान देताना घेणाऱ्यांची यादीच बंद होऊ नये, अशी ही शब्दयोजना आहे. जो अद्याप आलेला नाही, ज्याचे नावगाव कोणास ठाऊक नाही, त्याचाही त्या खोलीवर आधीपासून हक्क मांडून ठेवलेला आहे.

ही केवळ ग्रंथातली भाषा राहिली नाही. आपल्या सह्याद्रीतील लेण्यांच्या भिंतींवर ती कोरलेली आहे. नाशिकच्या पांडव लेण्यांतील नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात लेणे चातुर्दिश संघास दिल्याचे सांगून, ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २००० एका दराने आणि १००० दुसऱ्या दराने व्याजी लावले होते. वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांची तजवीज त्या व्याजातून व्हावयाची होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. दरवाजा आपण केला असे तो सांगतो. राजाचा जावई आणि सुतार हे दोघेही या निवाऱ्यांचे दाते आहेत. लेणी पाहावयास जाणारे आमचे उपासक मूर्तीसमोर वंदन करून परततात. कडेच्या लहान खोल्यांतील दगडी ओटे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः राहणाऱ्या माणसाची खूण तेथे आहे.

परंतु दान चातुर्दिश संघाला दिले म्हणून प्रश्न सुटत नाही. खोल्या थोड्या आणि माणसे फार, ही अडचण तेव्हाही होती. एकदा छब्बग्गिय भिक्षूंचे शिष्य पुढे धावले आणि ‘ही आमच्या उपाध्यायांची, ही आमच्या आचार्यांची’ असे म्हणत त्यांनी सर्व जागा अडविल्या. मागून आलेल्या सारिपुत्ताला झाडाखाली रात्र काढावी लागली. पहाटे तथागत खोकरले, तेव्हा झाडाखालून सारिपुत्तही खोकरला, आणि हकीकत उघड झाली. यावर संघ जमवून तथागतांनी विचारले की, उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम भिक्षा कोणास मिळावी? काही भिक्षू म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेल्यास. काही म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्यास. काही म्हणाले, गृहपती कुळातून आलेल्यास. इतरांनी सुत्तधर, विनयधर, ध्यानलाभी अशी नावे घेतली.

विनयकारांनी ही उत्तरे गाळली नाहीत, याचे आम्हांस मोल वाटते. संघात प्रवेश केलेल्या माणसांच्या तोंडूनही पहिले उत्तर कुळाचेच निघाले. तथागतांनी तित्तिर, वानर आणि हत्ती यांची कथा सांगून ज्येष्ठतेचा नियम घातला. ही ज्येष्ठता वयाची नाही, कुळाचीही नाही. उपसंपदेच्या दिवसापासून ती मोजली जाते. त्याचा परिणाम काय झाला हे उपालीच्या प्रव्रज्येत दिसते. शाक्यकुमारांनी आपल्या न्हाव्याला आपल्या आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. आमचा शाक्यांचा अभिमान मोडावा म्हणून आम्ही याला वंदन करू, असे त्यांनीच म्हटले.

निवारा वाटण्यासाठी संघाने एक अधिकारी नेमला, त्याला ‘सेनासनग्गाहापक’ म्हणतात. त्याची पात्रता सांगताना पाच गोष्टी दिल्या आहेत. तो छंदाने, म्हणजे आवडीनिवडीने, वाहवत जाऊ नये. द्वेषाने जाऊ नये. भयाने जाऊ नये. मोहाने जाऊ नये. आणि कोणती जागा दिली, कोणती शिल्लक आहे याचे त्यास ज्ञान असावे. आधी भिक्षू मोजावेत, मग शय्या मोजाव्यात, आणि मग वाटप करावे, अशीही पद्धत घालून दिली आहे. रुग्णाला जागेवरून उठवू नये. संघाच्या विहारातून रागाने कोणास बाहेर काढले तर तो पाचित्तिय अपराध ठरतो. सतरा भिक्षूंनी डागडुजी करून घेतलेल्या विहारातून छब्बग्गियांनी त्यांना हुसकले, या घटनेवरून तो नियम झाला.

येथे आमचा मुख्य मुद्दा आहे. जागेसंबंधी जी कसोटी विनयाने लावली, ती जागा देणाऱ्याला लावली आहे. आवड, द्वेष, भय आणि मोह या चार अगती तपासावयाच्या त्या खोलीची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याच्या मनात. आधुनिक शहरात परीक्षा देतो तो केवळ मागणारा. किल्ली धरणारा कधी परीक्षेस बसत नाही. बडोद्याचा प्रसंग या चार शब्दांनी वाचला तर तो निराळाच दिसू लागतो. हिंदू स्नेह्याला नोकरांचे भय होते. ख्रिस्ती स्नेही घरातील विरोधाला भ्याला, असेच मानावे लागते. काठ्या घेऊन आलेल्यांत द्वेष होता. रखवालदाराने लोभाने जागा दिली आणि जमावासमोर तो गप्प राहिला. ज्याची परीक्षा चालली होती त्या माणसात मात्र खोट कोणालाच काढता आली नाही.

कोणी म्हणेल की, संघही प्रश्न विचारीत होता. हे खरे आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. महावग्गात उपसंपदेच्या उमेदवाराला विचारावयाच्या प्रश्नांची यादी आहे. कुष्ठादी पाच रोग आहेत काय, तू स्वतंत्र आहेस काय, ऋणमुक्त आहेस काय, राजसेवेत तर नाहीस ना, आईवडिलांची अनुज्ञा आहे काय, वीस वर्षे पूर्ण झाली काय, पात्र-चीवर आहे काय, तुझे नाव काय, तुझ्या उपाध्यायाचे नाव काय. दास आणि ऋणको यांना या यादीने दाराबाहेर ठेवले, ही गोष्ट आजच्या वाचकाला खटकेल आणि खटकलीच पाहिजे. राजसत्ता आणि सावकार यांच्याशी केलेली ती तडजोड होती, असे आमचे मत आहे. अन्य पंथांतून आलेल्यांना चार महिन्यांचा परिवास असे, आणि त्यातून शाक्यांना ज्ञाती म्हणून सूट होती, हाही एक जन्माधिष्ठित अपवाद नोंदविला पाहिजे. इतके मान्य करूनही ती यादी पुन्हा वाचावी. तीत वर्णाचा प्रश्न नाही, गोत्राचा नाही. नाव विचारले आहे. पण त्यास जोडून बापाचे नाव विचारलेले नाही, उपाध्यायाचे विचारले आहे.

भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट येथे दिसते. बाबुराव बागुल यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाने ‘जात चोरणे’ हा शब्दप्रयोग मराठी साहित्यात कायमचा आणून बसविला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि आपली जात सांगत नाही. पालित चोरीशी जोडलेला असाच एक शब्द आहे: ‘थेय्यसंवासक’, म्हणजे चोरून सहवासात शिरलेला. त्याची कथा अशी की, मोडकळीस आलेल्या जुन्या घराण्यातील एका सुकुमार तरुणाने आयते जगता यावे म्हणून स्वतःच मुंडण केले, चीवर घातले आणि तो आरामात येऊन राहिला. भिक्षूंनी विचारले, तुझे वर्षावास किती? त्याला शब्दच कळेना. उपाध्याय कोण, हेही कळेना. तेव्हा त्याची चौकशी करण्याचे काम उपालीकडे दिले गेले. विनयाच्या दृष्टीने चोर कोण, तर न केलेल्या आचरणाचे वर्ष आपल्या नावावर सांगणारा. कुलीन घराण्यातील माणसाला न्हावी घराण्यातील स्थविराने पकडले, हा तपशील आम्हांस विशेष वाटतो. आपल्या शहरांत मात्र जन्म न सांगणारा चोर ठरतो, आणि ज्याने त्याला जन्म विचारला तो साव राहतो.

मुंबईच्या इतिहासातही या प्रश्नाचे काही टप्पे आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०० हून अधिक चाळी बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. या चाळींच्या गैरसोयींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि येथे मालक सरकार किंवा निमसरकारी मंडळ होते. खोली देणे हा कचेरीचा व्यवहार होता. बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या पोयबावडी येथील ट्रस्टच्या चाळीत सुमारे दोन दशके राहिले. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर दोन खोल्यांत राहिला, याचे वर्णन आपण साधेपणाचा आदर्श म्हणून करतो. त्या काळी खाजगी घरमालकांकडे त्यांना कोणती दारे उघडी होती, हेही त्या वर्णनासोबत विचारावयास हवे.

संविधानसभेत हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. आजच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा चालू असता बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले. जो कोणी आपली सेवा मागण्यास येणाऱ्या कोणासही ती देण्यास तयार असतो, त्याची जागा म्हणजे दुकान, असा त्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात शिक्षणसंस्थांच्या संदर्भात या स्पष्टीकरणाचा आधार घेतला. पाटी लावून, दलाल नेमून, जाहिरात देऊन खोली भाड्याने देणारा या व्याख्येत का येऊ नये, हा प्रश्न आम्ही कायदेपंडितांपुढे ठेवतो.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, कलम ४ अन्वये कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, मिळविणे किंवा तीत राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम स्पष्ट आहे. अडचण पुराव्याची आहे, कारण उच्चारले जाते ते कारण नेहमी दुसरे असते. त्यातच झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सहकारी गृहसंस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते राखण्याची मुभा मान्य केली. ती संस्था अहमदाबादची, १९२६ साली नोंदलेली. अल्पसंख्य समाजाला एकत्र राहावेसे वाटणे आम्ही समजू शकतो. पण एकदा हा दरवाजा उघडला की बहुसंख्य समाजही त्याच दरवाजाने आत येतो.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरात केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. घर मागणारे सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी दूरध्वनी करीत. सवर्ण नावास नकार मिळाला नाही. दलित नावास सुमारे १८ टक्के आणि मुस्लिम नावास सुमारे ३१ टक्के ठिकाणी सरळ नकार मिळाला, आणि याखेरीज अनेकांना वाढीव अटी सांगण्यात आल्या. तोंड पाहण्यापूर्वीचे हे आकडे आहेत.

घरमालकाला काहीच विचारू नये, असे आमचे म्हणणे नाही. भाडे वेळेवर येईल काय, आधीच्या जागी वागणूक कशी होती, करार संपल्यावर जागा परत मिळेल काय, ही चिंता रास्त आहे. अनामत रक्कम, अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडील नोंद यांनी ती पुष्कळशी मिटते. आडनाव ऐकून ‘मूळ गाव कोणते?’ आणि लगेच ‘जेवणाचे कसे?’ असे जे विचारले जाते, त्याने यांपैकी एकही चिंता मिटत नाही. मज्झिमनिकायाच्या धातुविभंग सुत्तात राजगृहाच्या भग्गव कुंभाराची हकीकत आहे. एक रात्र तुझ्या कारखान्यात राहू का, असे तथागतांनी विचारले. कुंभार म्हणाला, माझी अडचण नाही, पण आत आधीच एक प्रव्रजित उतरला आहे. त्याची संमती असेल तर खुशाल राहा. आधीच्या रहिवाशाची सोय पाहणे एवढाच त्याचा विचार होता.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. गेल्या दोन पिढ्यांत आपल्यातही घरमालक झाले आहेत. बौद्ध वसाहतींत वरचा मजला चढवून खोल्या भाड्याने दिल्या जातात, आणि त्या दारांवर विचारले जाणारे प्रश्न आम्ही ऐकलेले आहेत. मुसलमान कुटुंब आले की ‘मुलाला विचारतो’ असे उत्तर जाते. मातंग किंवा भटक्या जमातीतील विद्यार्थ्यास जागा नुकतीच गेलेली असते. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीची चौकशी तर गल्लीभर होते. बडोद्याच्या स्नेह्यांची वाक्ये आपल्या तोंडी किती सहज बसली आहेत! विहारांना जोडलेल्या वसतिगृहांचे प्रवेश-अर्जही याच दृष्टीने एकदा तपासावेत. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला लागतो हे खरे, पण खोलीचा क्रमांक ठरविताना तो रकाना कोण वाचतो आणि कशासाठी, हे व्यवस्थापकांनी विचारून घ्यावे.

विनयात निवारा वाटणारा सर्वांत प्रसिद्ध भिक्षू म्हणजे दब्ब मल्लपुत्त. तोही माणसांची वर्गवारी करीत असे, हे सांगितले पाहिजे. सुत्तधरांना सुत्तधरांजवळ, विनयधरांना विनयधरांजवळ, ध्यान करणाऱ्यांना ध्यान करणाऱ्यांजवळ तो जागा देई, जेणेकरून एकाच्या पठणाने दुसऱ्याची शांतता मोडू नये. रात्री उशिरा आलेल्यांनाही तो हवे तेथे पोचवी. तरीही वाट्यास हलकी जागा आली म्हणून मेत्तिय आणि भुम्मजक हे भिक्षू त्याच्यावर रुष्ट झाले आणि त्यांनी त्याच्यावर खोटा आळ आणविला. तेव्हा त्याची थोरवी सर्वांना ठाऊक असूनही त्याला संघासमोर बोलावून, असे घडल्याचे तुला स्मरते काय, हा प्रश्न विचारण्यात आला. त्याने उत्तर दिले. मग संघाने रीतसर ठराव करून त्याला ‘सतिविनय’ दिला, आणि आळ रचणाऱ्यांवरून संघादिसेसाचा आठवा नियम घातला गेला.